गाभ्याची परीक्षा आणि यंत्ररचनांची विविधता

संगणकाची जी आज्ञावली यंत्र सुरू होताच त्याचा ताबा घेते आणि यंत्र बंद होईपर्यंत तो सोडत नाही, तिला कार्यप्रणालीचा गाभा किंवा ‘कर्नल’ असे म्हणतात. स्मृतीचे वाटप करणे, अनेक आज्ञावल्यांना प्रक्रियकाचा वेळ आळीपाळीने देणे, डिस्कवर माहिती लिहिणे व ती परत वाचणे ही सर्व कामे गाभाच करतो. लेखन करण्याच्या एखाद्या आज्ञावलीत चूक झाली तर फार तर एक पत्र बिघडते. परंतु गाभ्यात चूक झाली तर त्या यंत्रावरील प्रत्येक आज्ञावलीला तिचे फळ भोगावे लागते. म्हणूनच गाभ्याच्या प्रत्येक भागाची परीक्षा घेणे आवश्यक ठरते.

ही परीक्षा घेताना एक वेगळीच अडचण उभी राहते. गाभा एक असतो. यंत्रे मात्र अनेक प्रकारची असतात. खिशातील दूरध्वनीत एका जातीचा प्रक्रियक असतो, टेबलावरील संगणकात दुसऱ्या जातीचा, तर मोठ्या बँकांच्या हिशेबाची महायंत्रे तिसऱ्याच जातीच्या प्रक्रियकावर चालतात. ‘प्रक्रियक’ हा शब्द आपण येथे ‘प्रोसेसर’ या अर्थी वापरीत आहोत. एका यंत्रावर उत्तीर्ण झालेला गाभा दुसऱ्या यंत्रावरही उत्तीर्ण होईल, असे गृहीत धरता येत नाही. निरनिराळ्या यंत्ररचनांसाठी गाभ्याच्या चाचण्यांची मांडणी कशी करावी आणि त्या चाचण्यांचा निकाल किती विश्वासार्ह मानावा, हा या पाठाचा विषय आहे.

प्रश्नाचा उगम

आरंभीच्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. प्रत्येक यंत्राची कार्यप्रणाली त्या यंत्राच्या भाषेतच लिहिलेली असे आणि यंत्र निकामी झाले की तीही निकामी होई. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्स या कार्यप्रणालीचा जन्म झाला. १९७३ साली तिचा गाभा ‘सी’ या उच्चस्तरीय भाषेत नव्याने लिहिण्यात आला आणि येथूनच चित्र पालटले. उच्चस्तरीय भाषेतील आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला ‘कंपायलर’ म्हणतात. नव्या यंत्रासाठी कंपायलर तयार केला की तोच गाभा नव्या यंत्रावर नेता येईल, अशी आशा निर्माण झाली. १९७७ साली युनिक्स इंटरडेटा या कंपनीच्या यंत्रांवर नेण्यात आली आणि ही आशा पुष्कळशी खरी ठरली.

पुष्कळशी, पण पूर्णपणे नव्हे. त्या काळातील एक गोष्ट संगणकशास्त्रात आजही सांगितली जाते. युनिक्स प्रथमच वेगळ्या घडणीच्या यंत्रावर नेली तेव्हा पडद्यावर ‘युनिक्स’ या नावातील चार रोमन अक्षरे जोडीजोडीने उलटून उमटली आणि ‘नुक्सी’ असा निरर्थक शब्द दिसू लागला. गोष्टीचे तपशील निरनिराळ्या प्रकारे सांगितले जात असले तरी तिच्यामागचे कारण अगदी खरे आहे, आणि त्याचा विचार आपण पुढे करणार आहोत.

लिनक्सचा इतिहासही याच वाटेने गेला. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स याने १९९१ साली आपल्या ८०३८६ प्रक्रियकाच्या संगणकासाठी हा गाभा लिहिला. तो दुसऱ्या यंत्रावर न्यावा, असा तेव्हा त्याचा विचारही नव्हता. १९९५ साली तो ६४ बिटांच्या अल्फा प्रक्रियकावर पोहोचला आणि आज सुमारे वीस यंत्ररचनांवर तो चालतो. गाभ्याचा बराच मोठा भाग सर्व रचनांसाठी सामाईक असतो व थोडा भाग प्रत्येक रचनेसाठी स्वतंत्र असतो. सामाईक भागातील एक ओळ बदलणारा लेखक एकाच वेळी वीस प्रकारच्या यंत्रांचे वर्तन बदलीत असतो. मात्र त्याच्या टेबलावर बहुधा एकच यंत्र असते. या विसंगतीतूनच प्रस्तुत प्रश्न निर्माण होतो.

यंत्रे कोणत्या बाबतींत भिन्न असतात

यंत्रायंत्रांतील असंख्य भेदांपैकी पाच भेद चाचणीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला भेद बाइटांच्या क्रमाचा. चार बाइटांची संख्या स्मृतीत ठेवताना काही यंत्रे सर्वांत लहान स्थानाचा बाइट प्रथम ठेवतात, तर काही यंत्रे सर्वांत मोठ्या स्थानाचा. एक ही संख्या पहिल्या पद्धतीने ०१ ००, ०० ०० अशी, तर दुसऱ्या पद्धतीने ०० ००, ०० ०१ अशी साठवली जाते. इंटेलच्या परंपरेतील एक्स-८६ आणि नवी रिस्क-फाइव्ह ही रचना पहिल्या पद्धतीची आहेत. आयबीएमची एस-३९० ही महायंत्रे व मोटोरोलाची ६८००० मालिका दुसऱ्या पद्धतीची. पॉवरपीसी आणि मिप्स या रचना दोन्ही पद्धतींनी चालू शकतात. ‘नुक्सी’ची गंमत घडली ती याच भेदामुळे.

दुसरा भेद शब्दाच्या लांबीचा. लिनक्सच्या गाभ्यात ‘लाँग’ या प्रकारची संख्या ३२ बिटी यंत्रावर ३२ बिटांची, तर ६४ बिटी यंत्रावर ६४ बिटांची असते. ६४ बिटी यंत्रावर लिहिणाऱ्याला तिच्यात वाटेल तेवढी मोठी संख्या मावेल असे वाटते. ३२ बिटी यंत्रावर तीच संख्या कापली जाते. भागाकाराचेही असेच आहे. ६४ बिटी संख्येचा भागाकार करण्यासाठी ३२ बिटी यंत्रावरील कंपायलर एका साहाय्यक आज्ञावलीची मदत मागतो, आणि बहुतेक ३२ बिटी रचनांच्या गाभ्यात ती मुद्दामच ठेवलेली नसते. अशा वेळी गाभा बांधतानाच काम अडते. ही चूक बरी म्हणावयाची, कारण ती लपून राहत नाही.

तिसरा भेद मांडणीचा. दोन बाइटांच्या संख्येपाठोपाठ चार बाइटांची संख्या असलेली एक नोंद घ्या. बहुतेक यंत्रांवर मध्ये दोन बाइटांची मोकळी जागा सोडली जाते आणि नोंद आठ बाइटांची होते. ६८००० मालिकेवर मात्र अशी जागा सोडली जात नाही आणि तीच नोंद सहा बाइटांत मावते. ‘ही नोंद आठ बाइटांचीच असणार’ असे धरून चालणारी आज्ञावली तेथे हमखास फसते.

चौथा भेद स्मृतीच्या पृष्ठांचा. गाभा स्मृतीचे वाटप पृष्ठांच्या हिशेबाने करतो. एक्स-८६ वर मूळ पृष्ठ ४ किलोबाइटांचे असते. ६४ बिटी आर्म रचनेवर ते ४, १६ किंवा ६४ किलोबाइटांचे ठेवता येते. ४०९६ हा आकडा आज्ञावलीत थेट लिहिणारा लेखक स्वतःच्या नकळत एकाच यंत्राशी बांधला जातो.

पाचवा भेद सर्वांत सूक्ष्म आहे व तो स्मृतीतील क्रियांच्या क्रमाचा आहे. एका प्रक्रियकाने पेटीत पत्र टाकले आणि नंतर झेंडी वर केली, तर झेंडी पाहणाऱ्या दुसऱ्या प्रक्रियकाला पेटीत पत्र सापडेलच का? एक्स-८६ वर सापडेल, कारण ते यंत्र लेखनांचा क्रम राखते. आर्म व पॉवरपीसी यांवर मात्र योग्य ठिकाणी ‘अडसर’ ही विशेष आज्ञा दिली नसेल, तर झेंडी आधी दिसून पत्र मागाहून पोहोचू शकते. अल्फा प्रक्रियक तर या बाबतीत सर्वांहून मोकळा होता.

यांखेरीज लहानसहान भेदही आहेत. एका बाइटाच्या ‘कॅर’ या प्रकारात २५५ ही संख्या ठेवली तर एक्स-८६ वरील कंपायलर तिला वजा एक समजत असे आणि आर्मवरील कंपायलर २५५ समजत असे. लिनक्सच्या गाभ्यापुरता हा भेद २०२३ च्या फेब्रुवारीत, ६.२ या आवृत्तीत, सर्व रचनांसाठी एकच नियम लावून मिटवण्यात आला. भेद मिटवता येत असेल तर तो मिटवणे हा चाचणीपेक्षाही चांगला उपाय होय; परंतु वर सांगितलेले पाच भेद यंत्राच्या घडणीतच असल्यामुळे ते मिटवता येत नाहीत.

एक प्रत्यक्ष उदाहरण

आता एक खरीखुरी चाचणी घेऊन विचार करू. लिनक्सच्या गाभ्यात ‘केयुनिट’ नावाची चाचण्यांची चौकट २०२० च्या जानेवारीत, ५.५ या आवृत्तीत, समाविष्ट झाली. गाभ्यातील एखादा लहान भाग सुटा काढून त्याला ठरावीक संख्या द्यावयाची आणि अपेक्षित उत्तर येते की नाही ते पाहावयाचे, हे तिचे सूत्र. तिच्याबरोबर आलेल्या आरंभीच्या चाचण्यांपैकी एक ‘एक्स्ट-४’ या फाइल व्यवस्थेतील काळाच्या नोंदीसंबंधी होती.

१ जानेवारी १९७० पासून किती सेकंद लोटले यावरून युनिक्सच्या परंपरेत काळ मोजतात. चिन्हासहित ३२ बिटांत ही संख्या ठेवली तर १९ जानेवारी २०३८ रोजी ती भरून जाते. एक्स्ट-४ मध्ये ही अडचण दूर करण्यासाठी आणखी दोन बिटे जोडलेली आहेत. प्रत्येक वाढीव एककामुळे २ चा ३२ वा घात एवढे, म्हणजे सुमारे १३६ वर्षांचे सेकंद मिळवले जातात. त्यामुळे सर्वांत मोठी संख्या १५,०३,२३,८५,५३५ सेकंद एवढी होते आणि कालमर्यादा २४४६ सालच्या मे महिन्यापर्यंत जाते. डिस्कवर ही संख्या नेहमी लहान बाइट प्रथम या क्रमानेच लिहावयाची, असा नियम आहे. एका यंत्राची डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली तरी तारखा बदलू नयेत, हा त्यामागील हेतू होय.

समजा, वाचन करणाऱ्या भागात बाइटांचा क्रम बदलून घेण्यास कोणी विसरला. एक्स-८६ यंत्राचा स्वतःचा क्रम डिस्कवरच्या क्रमाप्रमाणेच असल्यामुळे तेथे काहीच बिघडत नाही व चाचणी उत्तीर्ण होते. एस-३९० यंत्रावर मात्र डिस्कवरील १ ही संख्या १,६७,७७,२१६ अशी वाचली जाते आणि १ जानेवारी १९७० चा पहिला सेकंद १४ जुलै १९७० च्या पहाटेचा ठरतो.

येथे एका सापळ्याकडे लक्ष वेधले पाहिजे. चाचणीसाठी फक्त ० आणि वजा १ याच संख्या निवडल्या, तर ही चूक एस-३९० यंत्रावरसुद्धा सापडणार नाही. शून्याचे चारही बाइट शून्यच असतात आणि वजा एकचे चारही बाइट सारखेच भरलेले असतात. ते उलट वाचले तरी संख्या तीच राहते. म्हणून योग्य यंत्र निवडणे जितके आवश्यक, तितकेच त्या यंत्राचे वेगळेपण उघड करणारी संख्या निवडणेही आवश्यक आहे.

दुसरी कल्पना करू. वाढीव दोन बिटे ३२ स्थाने डावीकडे सरकवताना लेखकाने ‘लाँग’ हा प्रकार वापरला. ६४ बिटी यंत्रांवर उत्तर बरोबर येते. ३२ बिटी यंत्रावर ३२ बिटांची संख्या ३२ स्थाने सरकवण्याच्या क्रियेला अर्थच उरत नाही. एखादे यंत्र शून्य देते, तर एखादे मूळचीच संख्या परत करते. २०३८ पूर्वीच्या तारखांना वाढीव बिटांची गरज नसल्यामुळे दैनंदिन वापरात ही चूक वर्षानुवर्षे दिसणार नाही. ती दिसेल ती चाचणीतच, आणि तीही ३२ बिटी यंत्रावर चालवली तरच.

कधी कधी गाभा बरोबर असतो व चाचणीच चुकलेली असते. चाचणीलेखकाने डिस्कवरची नोंद तयार करताना आपल्या यंत्राच्याच क्रमाने बाइट मांडले, तर उलट क्रमाच्या यंत्रावर निर्दोष गाभा दोषी ठरतो. तेव्हा एखादी चाचणी एकाच यंत्रावर अनुत्तीर्ण झाली तर दोन्ही पक्ष तपासावेत, केवळ आरोपीच नव्हे, साक्षीदारही.

चाचणी कोठे चालवावी

चाचणीसाठी तीन प्रकारच्या जागा उपलब्ध आहेत.

पहिली जागा म्हणजे लेखकाचे स्वतःचे यंत्र. ‘यूजर मोड लिनक्स’ या पद्धतीत संपूर्ण गाभाच एका सामान्य आज्ञावलीसारखा चालवता येतो. यंत्र पुन्हा सुरू करावे लागत नाही व निकाल थोड्या वेळात हाती येतो. केयुनिट विशेष सूचना नसल्यास हीच पद्धत वापरते. पण एक्स-८६ यंत्रावर चाललेल्या अशा गाभ्याला बाइटांचा क्रम व शब्दाची लांबी त्या यंत्राचीच मिळते. त्यामुळे वरील भेदांपैकी जवळजवळ कोणताही भेद येथे उघड होत नाही.

दुसरी जागा म्हणजे अनुकरक. एका यंत्रावर दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावलीला आपण अनुकरक म्हणू. फ्रान्सचे फाब्रिस बेलार यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला ‘क्यूएम्यू’ हा असा अनुकरक होय. तो परक्या यंत्राच्या आज्ञा वाचतो आणि त्यांचे आपल्या यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करून त्या पार पाडतो. यामुळे महायंत्र विकत न घेताही महायंत्राचा गाभा टेबलावर चालवून पाहता येतो.

तिसरी जागा म्हणजे प्रत्यक्ष यंत्र. ते खर्चाचे असते आणि त्याची देखभालही करावी लागते. यंत्राचा वीजपुरवठा दुरून चालू-बंद करण्याची सोय आणि त्याचे सर्व संदेश टिपून घेणारी तार या दोन गोष्टी असल्याशिवाय ते चाचणीच्या उपयोगाचे नसते. अनेक संस्थांनी आपापली यंत्रे एकत्र आणून ही अडचण काही अंशी दूर केली आहे. ‘कर्नल-सीआय’ हा तसा उपक्रम २०१९ साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला.

विन्यासाच्या सहा बाबी

अनुकरकावर चाचणी चालवावयाची तर प्रत्येक यंत्ररचनेसाठी सहा बाबी निश्चित कराव्या लागतात. केयुनिटच्या साधनात प्रत्येक रचनेसाठी ज्या छोट्या फाइली ठेवलेल्या आहेत, त्यांतही नेमक्या याच सहा बाबी असतात. ६४ बिटी आर्मचे उदाहरण घेऊन त्या पाहू.

पहिली बाब, गाभ्याच्या दृष्टीने रचनेचे नाव. लिनक्समध्ये ते ‘आर्म-६४’ असे आहे. दुसरी बाब, अनुकरकाच्या दृष्टीने तिचे नाव. ते ‘ए-आर्च-६४’ असे आहे. एकाच यंत्राची दोन नावे असल्यामुळे नवशिक्याचा येथे नेहमी गोंधळ होतो.

तिसरी बाब, त्या रचनेसाठी गाभ्यात जोडावयाचे जादा भाग. यांत मुख्य असतो तो संदेश बाहेर पाठवणाऱ्या वाहिनीचा चालक. चौथी बाब, बांधून झालेल्या गाभ्याचे स्थान. कोणत्या रचनेत तो दाबून लहान केलेल्या स्वरूपात मिळतो, तर कोणत्या रचनेत उघड्या स्वरूपात.

पाचवी बाब, गाभ्याला सुरू होताना द्यावयाची सूचना. संदेश कोणत्या वाहिनीवर पाठवावेत हे तीत सांगितलेले असते. एक्स-८६ वर या वाहिनीचे नाव ‘टीटीवाय-एस-०’ असते, आर्मवर ‘टीटीवाय-एएमए-०’. आर्मच्या गाभ्याला चुकून एक्स-८६ चे नाव सांगितले तर गाभा व्यवस्थित सुरू होतो, सर्व चाचण्या पार पाडतो, आणि बाहेर एक अक्षरही उमटत नाही. अशा वेळी गाभा बिघडला असे समजून अनेकांनी व्यर्थ श्रम केले आहेत.

सहावी बाब, अनुकरकाला द्यावयाच्या इतर सूचना: कोणते यंत्र, कोणता प्रक्रियक. आर्मच्या ‘व्हर्ट’ या काल्पनिक यंत्रासाठी प्रक्रियकाचे नाव दिले नाही तर क्यूएम्यू ३२ बिटी प्रक्रियक गृहीत धरतो आणि ६४ बिटी गाभा तेथे सुरूच होत नाही.

याखेरीज त्या रचनेसाठी यंत्रभाषा निर्माण करणारा कंपायलर हवा. एका यंत्रावर चालून दुसऱ्या यंत्राची भाषा निर्माण करणाऱ्या अशा साधनाला परयंत्री कंपायलर म्हणता येईल. त्याच्या नावाचा आरंभीचा भाग बांधणीच्या साधनाला कळवावा लागतो.

न झालेल्या चाचणीचा धोका

आता आपण या पाठातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. लिनक्सच्या गाभ्यात दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत. कोणता भाग घ्यावा व कोणता वगळावा हे त्यांवरून ठरते. प्रत्येक चाचणीचाही असाच एक पर्याय असतो आणि तो दुसऱ्या पर्यायांवर अवलंबून असतो. एखाद्या चाचणीला पीसीआय या जोडणीची आवश्यकता असेल आणि निवडलेल्या यंत्ररचनेत पीसीआयच नसेल, तर विन्यास करणारे साधन त्या चाचणीचा पर्याय गुपचूप काढून टाकते. त्यात साधनाची चूक नसते; अशक्य गोष्ट वगळणे हेच त्याचे काम.

पण परिणाम काय होतो? गाभा बांधला जातो, सुरू होतो, उरलेल्या चाचण्या उत्तीर्ण होतात, आणि अहवालात अनुत्तीर्ण चाचण्यांची संख्या शून्य येते. चाचणी झाली व यशस्वी ठरली, आणि चाचणी झालीच नाही, या दोन अगदी भिन्न घटना अहवालात एकसारख्या दिसतात. परीक्षेस न बसलेल्या विद्यार्थ्याला नापास झाला नाही म्हणून उत्तीर्ण ठरवावे, तसाच हा प्रकार आहे. अशा अहवालावर विसंबून तो गाभा एखाद्या महायंत्रावर बसवला गेला, तर चूक प्रथम सापडते ती खातेदाराच्या हिशेबात.

यावर चार उपाय आहेत व ते चारही योजावेत. पहिला उपाय, मागितलेले पर्याय आणि प्रत्यक्षात मिळालेले पर्याय यांची तुलना करावी. केयुनिटचे साधन हे काम स्वतःच करते. मागितलेला एखादा पर्याय अंतिम विन्यासात नसेल तर ते पुढे जाण्यास नकार देते. दुसरा उपाय, चाचण्यांची अपेक्षित संख्या आधीच जाहीर करावी. गाभ्याच्या चाचण्यांचे निकाल ज्या ठरावीक पद्धतीने छापले जातात, तीत प्रत्येक गटाच्या आरंभी एकूण किती चाचण्या होणार हे सांगितलेले असते. आठ सांगून पाच निकाल आले तर मधेच काही कोसळले, हे लगेच समजते.

तिसरा उपाय, ‘वगळली’ ही निकालाची स्वतंत्र वर्गवारी मानावी. यंत्रात सोय नसल्यामुळे जी चाचणी होऊ शकत नाही तिने स्वतःला उत्तीर्ण म्हणवून न घेता ‘वगळली’ असे स्पष्ट नोंदवावे व कारणही द्यावे. चौथा उपाय, कालमर्यादा घालावी. परक्या यंत्रावर गाभा अडकून पडला तर तो आपणहून काहीच सांगत नाही. केयुनिटचे साधन म्हणूनच विशेष सूचना नसल्यास ३०० सेकंद वाट पाहून थांबते. अनुकरकाची गती मंद असल्यामुळे मोठ्या चाचण्यांसाठी ही मर्यादा वाढवावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

अनेक निकालांवरून निदान

सर्व वीस रचनांवर प्रत्येक चाचणी प्रत्येक वेळी चालवणे शक्य नसते. तेव्हा एकमेकांपासून जास्तीत जास्त भिन्न अशा थोड्या रचना निवडाव्यात. एक्स-८६ ची ६४ बिटी रचना, ३२ बिटी आर्म, ६४ बिटी एस-३९०, ३२ बिटी ६८००० मालिका आणि ६४ किलोबाइटांच्या पृष्ठांची ६४ बिटी आर्म, या पाचांत बाइटांचा क्रम, शब्दाची लांबी, मांडणी व पृष्ठ हे चारही भेद येतात. ६८००० मालिकेची यंत्रे आज फारशी वापरात नाहीत; तरीही अनुकरकावर तिचा उपयोग आरशासारखा होतो.

अशा निवडीचा दुसरा लाभ निदानाचा. एखादी चाचणी एस-३९० व ६८००० या दोन्हींवर अनुत्तीर्ण झाली आणि इतरत्र उत्तीर्ण झाली, तर बाइटांच्या क्रमाचा संशय घ्यावा. ती ३२ बिटी आर्म व ६८००० यांवर अनुत्तीर्ण झाली, तर शब्दाच्या लांबीचा. केवळ ६८००० वर झाली, तर नोंदीच्या मांडणीचा. केवळ मोठ्या पृष्ठांच्या आर्मवर झाली, तर कोठेतरी ४०९६ हा आकडा थेट लिहिलेला आहे काय ते शोधावे. जेथे जेथे चाचणी मुळी चाललीच नाही, तेथे हे निदान लागू पडत नाही. म्हणून न झालेल्या चाचण्यांचा हिशेब आधी व निदान नंतर, हाच क्रम ठेवावा.

अनुकरकाच्या मर्यादा

वरील पाच रचनांत पाचवा भेद, म्हणजे स्मृतीतील क्रियांचा क्रम, मुद्दामच धरलेला नाही. तो अनुकरकावर विश्वासाने तपासता येत नाही. एक्स-८६ यंत्रावर आर्मची नक्कल चालते तेव्हा आर्मच्या आज्ञा अखेर एक्स-८६ च्याच प्रक्रियकाकडून पार पाडल्या जातात आणि तो आपल्या शिस्तीप्रमाणे लेखनांचा क्रम राखतो. विसरलेला अडसर तेथे कधीच जाणवत नाही. नक्कल आज्ञांच्या अर्थाची होते. प्रक्रियकाच्या अंतर्गत घाईगर्दीची होत नाही. त्याचप्रमाणे जलद स्मृतीच्या थरांची नक्कलही हा अनुकरक करीत नाही, त्यामुळे वेगासंबंधीचे कोणतेही अनुमान त्यावरून काढू नये.

अशा चुकांसाठी एक तर प्रत्यक्ष यंत्र हवे, नाही तर गणिती साधने हवीत. २०१८ साली, ४.१७ या आवृत्तीबरोबर, लिनक्सने स्मृतीच्या क्रमाचे एक औपचारिक प्रतिमान गाभ्याच्या साहित्यातच समाविष्ट केले. त्यावर लहान लहान उदाहरणे तपासून, अमुक परिणाम संभवतो की नाही, हे यंत्राविना ठरवता येते.

उपसंहार

यंत्ररचना येतात आणि जातात. वापरणारे व सांभाळणारे उरले नाहीत म्हणून २०१८ साली एकाच आवृत्तीत आठ रचना लिनक्समधून काढून टाकण्यात आल्या; २०२४ च्या आरंभी इटेनियमही गेली. त्याच २०१८ च्या जानेवारीत रिस्क-फाइव्ह ही खुली रचना गाभ्यात दाखल झाली होती. भारतात मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘शक्ती’ आणि सी-डॅक या संस्थेचा ‘वेगा’ हे प्रक्रियक याच रचनेवर आधारलेले आहेत. स्वतःचा प्रक्रियक घडवणाऱ्या देशाला त्यावर चालणाऱ्या गाभ्याची परीक्षाही घ्यावी लागते, आणि त्या परीक्षेचा आरंभ एका साध्या संगणकावर, अनुकरकाच्या साहाय्याने, कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थ्याला करता येण्याजोगा आहे.

त्याने एवढे पथ्य मात्र पाळावे. अहवालातील ‘उत्तीर्ण’ हा शब्द वाचताना तीन प्रश्न विचारावेत: चाचणी खरोखर झाली काय, ती कोणत्या यंत्रावर झाली, आणि त्या यंत्राचे वेगळेपण उघड होईल अशी संख्या तिला दिली होती काय? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच त्या शब्दावर विश्वास ठेवावा.